रक्तातले आणि ताटातले

मधुमेह निघाल्यापासून मी चहात साखरेऐवजी गोळी टाकतो. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी वीज गेली होती. हाताशी वाचायला दुसरे काही नव्हते म्हणून खिडकीशी बसून त्या गोळ्यांच्या डबीवरचा मजकूर वाचला. किंमत, तारीख, कंपनीचा पत्ता आणि सर्वांत खाली, भिंग लावून वाचावी अशी एक ओळ. तिचा अर्थ एवढाच, की फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांनी ही गोळी घेऊ नये.

आधी हसू आले आणि मागोमाग लाज वाटली. तीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. दर वर्षी आनुवंशिकतेच्या धड्याला फळ्यावर दोन रकाने आखत असे. डावीकडे ‘आनुवंशिक’, उजवीकडे ‘परिस्थितीजन्य’. डाव्या रकान्यात हिमोफिलिया, रंगांधत्व, सिकलसेल, थॅलसेमिया आणि हा जीभ अडखळवणारा फिनाइलकीटोन्युरिया. उजव्या रकान्यात गोवर, कुपोषण, गलगंड. डाव्या रकान्याखाली मी दोन शब्द लिहीत असे : उपाय नाही. मुले ते वहीत उतरवून घेत. एक मुलगी सोडली तर त्यावर कुणी काही विचारले नाही. तिच्याविषयी शेवटी लिहीन. आणि मीही स्वतःला कधी विचारले नाही, की रोग जर रक्तातच असेल तर चहात काय पडते याच्याशी त्याचा संबंध काय?

निवृत्तीनंतर वेळ हाताशी असतो. त्या ओळीचा माग काढत मी नॉर्वे, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका असा कागदोपत्री फिरून आलो. वाटेत आपली माणसेही भेटली. दहा हजारांत एखाद्या बाळाला होणाऱ्या रोगाचा हा इतिहास आहे. तरीही ‘खाण तशी माती’ आणि ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ हे आपण ज्या सहजपणे बोलतो, ते बोलणे तपासून पाहण्यासाठी याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

हिरवा रंग

ओस्लोमध्ये एगेलँड नावाचे कुटुंब राहत होते. त्यांना दोन मुले. मोठी लिव्ह, धाकटा डाग. जन्मली तेव्हा दोघेही इतर बाळांसारखीच होती. पण लिव्हला बोलणे येईना, आणि डाग तर चार वर्षांचा झाला तरी तान्ह्या बाळासारखाच राहिला. त्यांची आई बोर्ग्नी एकामागून एक डॉक्टर पालथे घालत होती. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक कुबट वास येतो, तो कशाचा, असे ती विचारत राही. बहुतेकांनी ते मनावर घेतले नाही.

१९३४ मध्ये ती आस्ब्यर्न फॉलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. हे गृहस्थ आधी रसायनशास्त्र शिकलेले आणि मग वैद्यक. मधुमेह्याच्या लघवीत कीटोन आहेत का हे पाहण्यासाठी त्या काळी तिच्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकत. कीटोन असले तर रंग तांबूस होई. या मुलांच्या लघवीत थेंब पडताच गडद हिरवा रंग आला आणि थोड्या वेळाने विरून गेला. असा रंग फॉलिंग यांनी पाहिला नव्हता. मुलांची सगळी औषधे बंद करायला सांगून त्यांनी पुन्हा तपासले. पुन्हा हिरवा. मग आई दिवसामागून दिवस लघवी साठवून आणून देत राहिली आणि त्या वीसएक लिटरांतून फॉलिंग यांनी तो पदार्थ वेगळा करून ओळखला : फिनाइलपायरुविक आम्ल. निरोगी माणसाच्या लघवीत ते सापडत नाही.

फॉलिंग तेवढ्यावर थांबले नाहीत. आसपासच्या संस्थांमधल्या ४३० मतिमंद रुग्णांची लघवी त्यांनी तपासली. (‘मतिमंद’ हा शब्द आज आपण टाळतो; त्या काळच्या कागदांत तोच, किंवा त्याहून वाईट शब्द आहेत, म्हणून इथे ठेवला आहे.) त्यांत आणखी आठ जण निघाले. एगेलँडची दोन धरून दहा. त्यांत भावंडे होती. त्याच वर्षी फॉलिंग यांनी हे निष्कर्ष रसायनशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकात छापले.

पुढच्या वीस वर्षांत या रोगाची यंत्रणा उलगडत गेली. आपण खातो त्या प्रथिनांत फिनाइलॲलनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करते. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक आले तर हे विकर काम करत नाही. मग फिनाइलॲलनिन रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. न्यूयॉर्कमधील जॉर्ज जर्व्हिस यांनी १९५३ पर्यंत ही साखळी यकृतापर्यंत नेऊन भिडवली. त्वचेचा आणि केसांचा काळा रंग टायरोसिनपासूनच बनतो, म्हणून ही मुले बहुधा आपल्या भावंडांहून उजळ दिसतात. एका जनुकातली चूक बुद्धीवर, वागण्यावर, केसांच्या रंगावर आणि अंगाच्या वासावर अशी एकाच वेळी उमटते. ‘रक्तातले’ म्हणावे असे याहून चोख उदाहरण नाही.

त्या वर्षाची हवा

फॉलिंग यांची परीक्षानळी हिरवी झाली त्या १९३४ सालाकडे जरा पाहू. त्याच वर्षी नॉर्वेने नसबंदीचा कायदा केला. १ जानेवारी १९३४ पासून जर्मनीत नात्सी राजवटीचा तसाच, पण सक्तीचा कायदा अमलात आला होता. ज्यांची नसबंदी करायची त्यांच्या यादीत पहिले नाव होते ‘जन्मजात मतिमंदत्व’. पुढच्या दहा-अकरा वर्षांत जर्मनीत सुमारे चार लाख माणसांची अशी नसबंदी झाली.

ही कल्पना एकट्या जर्मनीची नव्हती. डार्विनचा आतेभाऊ शोभेल असा नातलग आणि हुशार संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन याने १८७४ मध्ये निसर्ग आणि संगोपन या जोडशब्दाला शास्त्रीय वादात आणून बसवले आणि १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. त्याच्या मते निसर्गाचे पारडे कितीतरी जड होते. अमेरिकेत न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथील संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गोडार्ड याने १९१२ मध्ये एका कुटुंबाची कुंडली पुस्तकरूपाने छापली. मतिमंदत्व हे मेंडेलच्या वाटाण्यांच्या गुणांसारखे एकाच जनुकाने उतरते आणि दारिद्र्य, गुन्हेगारी, व्यसन सगळे त्याच मुळातून फुटते, असा त्याचा निष्कर्ष होता. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. कॅरी, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मतिमंद असल्याचे न्यायालयात सांगितले गेले. ती मुलगी पुढे शाळेत जाऊन चांगल्या गुणांनी पास झाली आणि आठव्या वर्षी आजाराने गेली.

व्हाइनलंडची आणखी एक आठवण आहे. ‘द गुड अर्थ’ लिहिणाऱ्या पर्ल बक यांची मुलगी कॅरल १९२० मध्ये चीनमध्ये जन्मली. देखणी, गोरी, पण वाढीत मागे. (कॅरी बकशी यांचे नाते नाही, आडनाव तेवढे एक.) नऊएक वर्षांची असताना आईने तिला व्हाइनलंडच्या संस्थेत ठेवले. तिच्या खर्चाची चिंता हे पर्ल बक यांनी नेटाने लिहिण्याचे एक कारण होते. कॅरलला फिनाइलकीटोन्युरिया होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. ज्या संस्थेतून ‘मतिमंदत्व रक्तातच असते, वंश थांबवा’ असा प्रचार निघाला, त्याच संस्थेत खरोखर एका जनुकामुळे आजारी झालेली मुलगी राहत होती. आणि त्या जनुकाचा परिणाम रोखायला नसबंदीची नव्हे, वेगळ्या जेवणाची गरज होती.

या हवेचा वारा आपल्याकडेही आला. ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून हिंदुस्थानात सुप्रजननाची चळवळ हवी अशी मागणी केली. १९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेवर प्रबंध करू लागल्या. हे फिशर म्हणजे वंशशुद्धीच्या विचाराला विद्यापीठीय प्रतिष्ठा देणारे नाव. कवटीच्या असमानतेचा वंशाच्या श्रेष्ठत्वाशी संबंध असावा असा त्यांचा कयास होता. पंचविशीही न गाठलेल्या इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापातून असा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. गुरूला हवे ते न लिहिता मापपट्टी सांगते ते लिहिणे त्या काळच्या बर्लिनमध्ये किती अवघड असेल, याचा विचार करून पाहावा.

आणि १९३६. लाहोरला जे भाषण होऊ शकले नाही ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः छापले. त्यात जातिव्यवस्थेच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या जीवशास्त्रीय युक्तिवादाला त्यांनी सरळ तोंड दिले आहे. जात रक्ताची शुद्धता राखते म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे, की शुद्ध वंश कुठेच उरलेले नाहीत. शिवाय उच्च बौद्धिक गुण एखाद्या सरळ नियमाने पुढच्या पिढीत उतरतात असे म्हणता येत नाही, यासाठी ते आनुवंशिकीचा त्या काळचा मोठा अभ्यासक बेटसन याचा दाखला देतात. मी तीस वर्षे आनुवंशिकी शिकवली आणि बेटसनचे नाव मेंडेलच्या संदर्भात शेकडो वेळा घेतले. तेच नाव ‘जातिभेद निर्मूलना’तही आहे हे मला साठी उलटल्यावर कळले.

पेनरोज यांचे गणित

इंग्लंडमध्ये लायोनेल पेनरोज नावाचे एक डॉक्टर होते. कोलचेस्टरच्या संस्थेत त्यांनी १२८० मतिमंद रुग्ण आणि त्यांची कुटुंबे बारकाईने तपासली आणि १९३८ मध्ये निष्कर्ष छापले. मतिमंदत्व ही एकच वस्तू नाही, तिला अनेक कारणे आहेत, असे त्यांतून दिसले. गोडार्डचे एक जनुक हवेत विरले. फॉलिंग यांच्या शोधाची बातमी लागताच पेनरोज यांनीही फेरिक क्लोराइडची बाटली उचलली आणि त्यांनाही रुग्ण सापडला. १९३७ मध्ये क्वास्टेल यांच्यासोबत त्यांनीच या रोगाला फिनाइलकीटोन्युरिया हे नाव दिले. आहार बदलून पाहण्याचा प्रयत्नही त्यांनी केला, पण तो साधला नाही.

१९४५ मध्ये पेनरोज लंडनमध्ये गाल्टनच्या नावाच्या, सुप्रजननशास्त्राच्याच आसनावर प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षीच्या पहिल्या व्याख्यानासाठी त्यांनी विषय निवडला फिनाइलकीटोन्युरिया. त्यांची मांडणी साधी होती. हा रोग खरोखर एका जनुकाने उतरतो, म्हणजे सुप्रजननवाद्यांना हवा तसा आदर्श रोग. पण प्रत्येक रुग्णाची नसबंदी केली तरी जनुक जाणार नाही. ते आहे निरोगी वाहकांत, आणि वाहक त्यांच्या अंदाजाने शंभरात एक. मूठभर रुग्ण टाळण्यासाठी धडधाकट जनतेच्या शंभराव्या हिश्श्याला वंशहीन करायला कोण शहाणा माणूस तयार होईल? पुढे त्यांनी आपल्या विभागाच्या नियतकालिकाच्या नावातून आणि अखेरीस आपल्या पदाच्या नावातूनही ‘सुप्रजनन’ हा शब्द काढून टाकला.

उपाय मात्र अजून कुणाच्या हाती नव्हता.

शीलाची आई

तो निघाला तो पुन्हा एका आईच्या हट्टातून. १९५० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात शीला नावाची सतरा महिन्यांची मुलगी आली. ना उभी राहत होती, ना बसत होती. आजूबाजूला काय चालले आहे याकडे लक्ष नाही. रडायची, कण्हायची, डोके आपटत राहायची. होर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरने फिनाइलकीटोन्युरियाचे निदान केले. निदान झाले, हे त्यांच्या दृष्टीने यश. आईला त्याचे काय? ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून एकच विचारायची : उपाय कधी शोधताय?

बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी लुई वुल्फ यांच्या सूचनेवरून एक वाट धरली. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे तुकडे करून ते द्रावण कोळशाच्या विशिष्ट भुकटीतून गाळायचे. फिनाइलॲलनिन कोळशाला चिकटून राहते. टायरोसिनही जाते, ते पुन्हा मिसळायचे. असे बनलेले, चवीला आणि वासाला भयंकर पेय शीलाला देऊ लागले. काही महिन्यांत ती रांगू लागली, खुर्ची धरून उभी राहू लागली. डोळ्यांत चमक आली, केस काळसर झाले, डोके आपटणे थांबले.

यापुढचा भाग वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. सुधारणा आहारानेच झाली की आपोआप, हे ठरवायला डॉक्टरांनी आईला न सांगता त्या पेयात पुन्हा फिनाइलॲलनिन मिसळले. काही दिवसांत शीलाचे सारे कमावलेले गेले. उभे राहता येईना, रडणे आणि डोके आपटणे परत सुरू झाले. आई घाबरून गेली. मग तिला खरे सांगून, तिच्या संमतीने, रुग्णालयात हाच प्रयोग पुन्हा केला आणि १९५३ मध्ये तो छापला. आज असा लपवाछपवीचा प्रयोग कुणी करू दिला नसता आणि ते योग्यच आहे. पण त्या दोन प्रयोगांनी जे दाखवले ते यापूर्वी कुणी दाखवले नव्हते. मूल तेच, जनुक तेच. बाटलीतला एक पदार्थ काढला की मूल उभे राहते, घातला की खाली बसते. ज्याला सगळे ‘स्वभाव’ किंवा ‘जन्मजात’ म्हणत होते ते हट्टी रडणे आणि डोके आपटणे ताटातून ये-जा करत होते.

शीलाला स्वतःला याचा फारसा लाभ झाला नाही. उपचार सुरू झाले तोवर मेंदूच्या वाढीचे पहिले, सर्वांत महत्त्वाचे महिने निघून गेले होते. तिचे पुढचे आयुष्य संस्थेत गेले. शर्यत आता वेळेशी होती : इजा व्हायच्या आत निदान कसे करायचे? हिरव्या रंगाची चाचणी बाळ काही आठवड्यांचे झाल्यावरच लागू पडे.

अमेरिकेतल्या बफेलो शहरातील रॉबर्ट गथ्री यांनी हा प्रश्न सोडवला. ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता (दुसऱ्या कारणाने), आणि मेहुणीच्या मुलीला फिनाइलकीटोन्युरिया असल्याचे कळले ते ती वर्षाची झाल्यावर, म्हणजे उशिराच. गथ्री यांनी बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब टीपकागदावर घेतला. वाढ रोखून धरलेल्या जिवाणूंच्या थरावर त्या कागदाची चकती ठेवली. रक्तात फिनाइलॲलनिन जास्त असेल तर चकतीभोवती जिवाणू वाढतात. वर्तुळ मोठे तेवढे प्रमाण जास्त. खर्च किरकोळ, कागद पाकिटात घालून टपालाने पाठवता येतो. पहिल्या मोठ्या चाचणीत २९ राज्यांतली चार लाखांवर बाळे तपासली गेली आणि ३९ सापडली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही चाचणी सक्तीची केली. ज्या देशात छत्तीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीला हिरवा कंदील दाखवला होता, तिथे आनुवंशिक मतिमंदत्वाविरुद्धचा दुसरा कायदा टीपकागदाचा झाला. वेळेत सापडलेली, आहार पाळणारी ती मुले शाळेत गेली, शिकली, नोकरीला लागली.

गोष्ट इतकी सोपी नाही

इथे थांबलो तर ही विजयाची गोष्ट होते, आणि पुष्कळ ठिकाणी ती तशीच सांगितली जाते. पण आहार म्हणजे काय हे घरात उतरवून पाहा. दूध, दही, पनीर, अंडी, मासळी, मटण बंद. वरण बंद. शेंगदाणे बंद. गव्हाची पोळीसुद्धा मोजून. आपल्या स्वयंपाकघरातला साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने चालतो, पण खिचडीतले दाण्याचे कूट चालत नाही. प्रथिनांची गरज त्या बेचव भुकटीच्या पेयावर भागवायची. शिवाय फिनाइलॲलनिन पूर्ण तोडताही येत नाही. शरीराला ते थोडे लागतेच, फार कमी झाले तर मूल खंगते. म्हणून रक्त तपासत, मोजत राहायचे. माझ्या डबीवरची ओळही यातच येते. त्या गोळीतले ॲस्पार्टेम पोटात गेले की त्यातून फिनाइलॲलनिन सुटते.

पूर्वी डॉक्टर म्हणत, मेंदूची वाढ झाली की सहा-सात वर्षांच्या वयात पथ्य सोडा. अनेक मुलांनी सोडले. मग कुणाचे अभ्यासातले लक्ष उडाले, कुणाची चिडचिड आणि अस्वस्थता वाढली, कुणाची बुद्ध्यंकाची मापे खाली आली. आता सल्ला आहे तो आयुष्यभर पथ्य पाळण्याचा. जनुक कुठे गेलेले नव्हते. परिस्थितीने त्याला रोज, प्रत्येक जेवणात अडवून धरले होते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आली. वेळेत वाचवलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली. त्यांनी लहानपणीच पथ्य सोडलेले होते. त्यांच्या मुलांना आईकडून बिघडलेले एक जनुक आले, पण वडिलांकडून चांगले आले. म्हणजे ती वाहक, रोगी नव्हेत. तरीही ती लहान डोक्याची आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम जन्मू लागली. १९८० मध्ये पाचशेहून अधिक गरोदरपणांचा आढावा छापला गेला. रक्तात फिनाइलॲलनिन फार वाढलेल्या आयांच्या दहांपैकी नऊहून अधिक मुलांची ही गत होती. कारण आईच्या रक्तातले ते वारेतून बाळाकडे जात होते. आईच्या बाबतीत जे जनुक होते तेच बाळाच्या बाबतीत परिस्थिती झाले. आईने गर्भधारणेच्या आधीपासून पथ्य पाळले तर बाळ निरोगी होते.

आता सांगा, या बाळाचे दुखणे माझ्या फळ्यावरच्या कोणत्या रकान्यात घालायचे?

किती टक्के?

माणसाच्या बुद्धीत, स्वभावात जनुकांचा वाटा किती टक्के आणि परिस्थितीचा किती, हा प्रश्न आपल्याला फार आवडतो. वर्तमानपत्रात अधूनमधून आकडेही येतात. फिनाइलकीटोन्युरिया या प्रश्नाची जागा दाखवून देतो. एक गाव कल्पा. सगळे गाव सारखेच, नेहमीचे अन्न खाते आणि त्यातल्या काहींना हे जनुक आहे. त्या गावात कोण अक्षम होणार हे सर्वस्वी जनुक ठरवेल. उत्तर शंभर टक्के आनुवंशिक. आता दुसरे गाव कल्पा, जिथे प्रत्येकाच्या अंगात हे जनुक आहे, पण काही घरांनाच ते खास पेय मिळते. तिथे सगळा फरक पेयाचा. उत्तर शंभर टक्के परिस्थितीजन्य. रोग तोच, जनुक तेच, यंत्रणाही तीच. टक्केवारी त्या गावात काय सारखे आणि काय वेगळे आहे याची आहे. ती रोगाच्या किंवा माणसाच्या अंगात कोरलेली नाही. लॅन्सलॉट हॉगबेन यांनी १९३३ मध्येच या अर्थाचा इशारा दिला होता. त्या दशकात तो ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फार थोडे होते.

एक सावधगिरी मात्र हवी. एका जनुकाने होणाऱ्या रोगावरून साऱ्या मानवी वागणुकीचे नियम काढणे म्हणजे गोडार्डचीच चूक उलट्या बाजूने करणे. बुद्धी, चिंता, धीटपणा यांच्यामागे शेकडो-हजारो जनुके असतात, प्रत्येकाचा परिणाम इवलासा, आणि त्यांच्यासाठी कुठलेही एक पेय गाळून मिळणार नाही. जनुकांना काही अर्थच नाही, सगळे संस्कारांवर असते, असेही ही गोष्ट सांगत नाही. तसे असते तर एगेलँडच्या मुलांना प्रेमानेच बरे केले असते; त्या घरात ते कमी नव्हते. ही गोष्ट एवढेच सांगते, की ‘आनुवंशिक’ म्हटल्याने ‘अटळ’ हे सिद्ध होत नाही. ते वेगळे तपासावे लागते. आणि तपासण्यासाठी जनुक काय करते, कशाच्या सोबतीने करते, हे आधी समजून घ्यावे लागते.

आपल्या देशात प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतला थेंब तपासणारा देशव्यापी कार्यक्रम अजून नाही. काही रुग्णालये करतात, ऐपत असलेले आईबाप करून घेतात. त्याच थेंबातून जन्मजात थायरॉइडची कमतरताही कळते. ती आपल्याकडे फिनाइलकीटोन्युरियाहून कितीतरी अधिक आढळते, आणि तिच्यावरची रोजची गोळी स्वस्त असते. ती वेळेत सुरू झाली नाही तर मेंदूची वाढ खुंटते. त्या घरातले लोक नंतर म्हणतात, नशीब, दुसरे काय.

आता त्या मुलीविषयी. तास संपल्यावर ती फळ्यापाशी थांबली. तिचा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. “सर, डॉक्टर म्हणाले जन्मापासूनच आहे. म्हणजे आमच्या रक्तातच आहे ना? मग काही होणार नाही का?” मी डस्टर हातात धरून फळ्याकडे पाहिले आणि म्हणालो, “जन्मजात असेल तर नाही गं, बाळ.” तिने मान हलवली आणि वही मिटली.

तिच्या भावाला काय झाले होते मला माहीत नव्हते, आजही नाही. कदाचित माझे उत्तर बरोबरही असेल. पण ते मी त्या मुलाविषयी काही विचारून दिले नव्हते, रकान्याखाली लिहिलेले वाचून दिले होते. बोर्ग्नी एगेलँडला वासाबद्दल गप्प बसवणाऱ्या डॉक्टरांनी याहून वेगळे काय केले? तिने निदान विचारणे सोडले नाही. माझ्या विद्यार्थिनीने सोडले, कारण तिच्या सरांनी तिला सांगितले होते की विचारण्यासारखे काही उरलेले नाही.